विषय कोण निवडतो?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतली माणसे दोन कारणांनी माझ्याकडे येतात. काही पेढे घेऊन येतात, काही फॉर्म घेऊन. पेढेवाले उभ्या उभ्या जातात, फॉर्मवाले बसतात. फॉर्म आता कागदाचा राहिलेला नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले, तेव्हा तो मोबाइलच्या काचेवर येतो आणि मला तो डोळ्यांजवळ धरून वाचावा लागतो.

अशीच एक मुलगी बापाबरोबर आली. बाप टेम्पो चालवतो. त्याने बसण्याआधीच सांगून टाकले, "सर, डॉक्टरकीचं भरून द्या." मुलगी गप्प. थोड्या वेळाने बापाला कोणाचा तरी फोन आला, तो बोलत बाहेर गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजोबा, डॉक्टर व्हायचं की नाही हेच माझं अजून ठरलं नाही. न ठरवता विषय कसे घेऊ?"

मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. तिच्या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता आले असते. पण 'न ठरवता' हा तिचा शब्द माझ्या मनात रुतून बसला. ज्या समाजाला ठरवण्याचाच अधिकार नव्हता, त्या समाजातली एक सोळा वर्षांची मुलगी 'माझं अजून ठरलं नाही' असे म्हणते, ही मला साधी गोष्ट वाटली नाही. सुखवस्तू घरातल्या मुलाला न ठरवण्याची मुभा जन्मतःच असते. त्याचे ठरेपर्यंत त्याच्यासाठी दारे उघडी ठेवणारी माणसे घरात असतात. आमच्या मुलांचे आजवर दुसऱ्यांनीच ठरवले. आणि ते दरवेळी नाही म्हणून ठरवले असे नाही. पुष्कळदा ते विषयांच्या यादीतून, मुकाट्याने, प्रेमाने ठरवले गेले. या मुकाट ठरवण्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. म्हणून मी हा थोडा प्रयत्न करतो आहे.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ साली तिथून पहिले पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी लाड त्यांच्यातले. शिक्षण इंग्रजीतून होते. म्हणजे इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलालाच तिथे प्रवेशाची वाट होती. आता याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. सरकारचे म्हणणे थोडक्यात असे की मुलाची बाजू न्यायाची आहे हे खरे, परंतु एका मुलाला घेतले तर बाकीच्या बहुसंख्यांना ती शाळा निरुपयोगी होईल. याच मुंबई इलाख्यात मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडून पाच वर्षे झाली होती आणि त्या मुलाला मुळाक्षरांच्या वर्गात बसायला जागा नव्हती. त्याच्यापुढे विषयांची निवड नव्हतीच. शाळा हाच त्याचा नाकारलेला विषय होता.

पुण्यात १८५२ साली महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात ते नुसती 'शाळा द्या' एवढेच म्हणत नाहीत. शाळेत काय शिकवावे याची यादी ते देतात. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला ते शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागतात. आमच्या बाजूने विषयांची यादी सरकारपुढे ठेवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक, आणि त्या यादीत शरीराच्या आरोग्याला जागा आहे. हे निवेदन आपण नेहमी प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात वाचतो. विषयांच्या निवडीचा दस्तऐवज म्हणून ते वाचायला हवे.

इथे थोडे बाजूला जातो. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी मानवी प्रेताचे विच्छेदन केले. आधुनिक भारतीय वैद्यकाच्या इतिहासात ही क्रांतिकारक घटना मानली जाते, आणि ती आहेच. प्रेताला हात लावणे हा उच्चवर्णीयांना विटाळ, तो त्यांनी ओलांडला. पण गावोगाव मेलेले ढोर ओढण्याचे, ते फाडण्याचे, चामडे काढण्याचे काम शेकडो वर्षे कोणाकडे होते? शिरा कुठे, सांधा कुठे, काळीज कुठे हे कोणाच्या हातांना ठाऊक होते? गावात बाळंतपणाला मांगीण सुईण बोलावत. मूल आडवे आले तर तिचेच हात कामाला येत, आणि मूल जगले की त्याच हातांचा विटाळ धरून घर शुद्ध करून घेत. एकाने प्रेताला हात लावला तेव्हा ते शास्त्र झाले. दुसऱ्याने लावला तेव्हा ती जात झाली. हात तेच काम करतात. फरक पडतो तो विषयाचे नाव मिळण्या-न मिळण्याने. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडा असे सांगितले, ते या लादलेल्या कामाच्या विरोधात होते. त्या ज्ञानाला वर्गात, प्रयोगशाळेत, पदवीच्या कागदावर जागा मिळाली असती तर इतिहास वेगळा झाला असता, असे मला वाटते. कोणी याला कल्पनाविलास म्हणाले तरी माझी हरकत नाही.

विषय नाकारला जाणे म्हणजे काय याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण बाबासाहेबांचेच. त्यांना संस्कृत शिकायचे होते. मुंबईच्या शाळेत ती संधी मिळाली नाही, कारण संस्कृत ही वेदांची भाषा आणि ती अस्पृश्याला शिकवणे धर्माला मान्य नव्हते. त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, पुढे बी.ए.लाही फारसीच. नंतर स्वतःच्या कष्टाने त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि ज्या ग्रंथांपासून त्यांना दूर ठेवले होते त्यांचीच चिकित्सा केली. ही कथा आम्ही जयंतीच्या भाषणांत सांगतो आणि टाळ्या घेतो. पण एक शिक्षक म्हणून मला तिच्यातून एक वेगळाच प्रश्न दिसतो. शाळेत नाकारलेला विषय पुढे स्वतः मिळवता येतो, हे बाबासाहेबांनी दाखवले. मात्र हे कोणत्या विषयाबाबत शक्य आहे? पुस्तक आणि दिवा मिळाला की भाषा, इतिहास, कायदा, अर्थशास्त्र यांच्या वाटेने एकट्याला चालता येते. रसायनशास्त्राची परीक्षानळी, सूक्ष्मदर्शक, विच्छेदनाचा टेबल एकट्याच्या झोपडीत कोठून येणार? काही विषय उशिरा गाठता येतात आणि काही वेळेवरच गाठावे लागतात, हा भेद आमच्या मुलांना कोणी समजावून सांगत नाही. आणि वेळेवर गाठावे लागणारे विषय हेच नेमके महागडे विषय असतात.

बाबासाहेबांना हा भेद पुरता ठाऊक होता. १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे भागणार नाही, त्याला विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे वरचे शिक्षण हवे, आणि ते त्याच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळेच त्याची मुले कलाशाखेकडे वळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी देशातील शिक्षणासाठी दोन लाख आणि परदेशातील शिक्षणासाठी एक लाख, अशी दरसाल तीन लाखांची मागणी केली. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा यांत जगाने मानलेला हा माणूस आपल्या मुलांसाठी आपले विषय मागत नाही, हे लक्षात घ्या. १९४४ साली केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद झाले, उभे राहिले. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या दोन गोष्टींवर आमच्या दोन पिढ्या शिकल्या. मीही शिकलो.

पण विज्ञान किती जण शिकले? इथे मला माझी गोष्ट सांगावी लागते.

मी १९७२ साली जुन्या पद्धतीची, अकरावीची मॅट्रिक झालो. आमच्या शाळेत आठवी संपली की गणिताच्या दोन वाटा फुटत. एक बीजगणित-भूमितीची, दुसरी नुसत्या अंकगणिताची. ज्याला पुढे सायन्सला जायचे त्याला पहिली वाट घ्यावी लागे. पण हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. वर्गशिक्षक भले गृहस्थ होते. बोर्डिंगच्या मुलांना स्वतःच्या पैशाने वह्या देत. नववीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी यादी वाचली आणि आम्हां बोर्डिंगच्या मुलांची सगळी रांग अंकगणितात बसवली. म्हणाले, "बीजगणितात गेलात आणि आपटलात तर स्कॉलरशिप जाईल रे बाळांनो. पास व्हा, नोकरीला लागा." आम्हांला त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटली. आजही पूर्ण नाहीशी झालेली नाही.

मला डॉक्टर व्हायचे होते काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ठाऊक नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात आईबरोबर गेलो की कंपाउंडर गोळ्यांची पुडी वरूनच तिच्या ओंजळीत टाकी, हाताला हात लागू देत नसे. ते पाहून त्या खिडकीच्या पलीकडे उभे राहावे असे वाटे. तेवढेच. ते स्वप्न होते की राग होता हे मला सांगता येणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ते सांगता यावे अशी अपेक्षाही चूक आहे.

मॅट्रिकचा निकाल लागला ते दुष्काळाचे वर्ष. वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मी गुणपत्रिका घेऊन कॉलेजात गेलो आणि सायन्सच्या खिडकीवर उभा राहिलो. कारकुनाने गुणपत्रिका पाहिली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बीजगणित-भूमिती नाही. आर्ट्सच्या खिडकीवर जा." तो काही वाईट बोलला नाही. जातीचा उच्चारही नाही. दोन खिडक्यांमध्ये दहा-बारा पावलांचे अंतर होते. निर्णय तीन वर्षांपूर्वी, नववीच्या वर्गात, एका भल्या माणसाच्या यादीत झाला होता. इतिहासाने मला पुढे पोट दिले, दृष्टी दिली, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो मी निवडला असे म्हणणे खोटे ठरेल.

त्या काळी एक आरडाओरडा नेहमी ऐकू येई. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या राखीव जागा भरत नाहीत, यांच्यात पात्र उमेदवारच मिळत नाहीत, मग जागा अडवून कशाला ठेवायच्या? वर्तमानपत्रांत पत्रे येत. आमचे वक्ते सभांतून त्याला तावातावाने उत्तर देत. उत्तर बहुतेक कोर्टाचे आणि घटनेचे असे. ते बरोबरच होते. १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातनिहाय जागावाटप रद्द केले. खटला मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा होता आणि अर्जदार बाईंनी त्या कॉलेजात प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले. वैद्यकीय प्रवेशातले आमचे आरक्षण त्याच्या आधारावर उभे आहे. पण रिकाम्या जागेचा उगम कोर्टात नव्हता. तो त्या नववीच्या वर्गात होता, जिथे आमची रांग अंकगणितात बसली होती. घटनेने जिन्याच्या वरच्या टोकाला एक खोली राखून ठेवली आणि खालच्या पायऱ्या गावाकडच्या शाळांच्या स्वाधीन राहिल्या. त्या पायऱ्यांकडे आमच्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेले नाही, हे मला कबूल केले पाहिजे. आम्ही नोकरीतल्या अनुशेषाचे आकडे मागितले. किती आश्रमशाळांत, किती जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रयोगशाळा आहे आणि तिला शिक्षक आहे, हे आकडे मागण्यासाठी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

आता जे सांगतो ते सांगायला जड जाते. १९७९ साली मी शिक्षक झालो. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या वर्गात एक मातंग समाजाचा मुलगा होता. हुशार म्हणावा असा नव्हता, पण चौकस. बेडूक, साप, गुरांचे आजार यांच्याबद्दल सतत प्रश्न. दहावीला पंचावन्न-छपन्न टक्के पडले. माझ्याकडे फॉर्म घेऊन आला तेव्हा म्हणाला, "सर, सायन्स घेऊ का? जमलं तर बघू." त्याचेही ठरलेले नव्हते. मी त्याच्या घरची स्थिती जाणत होतो. सायन्सला शिकवणी लागते, गाव ते तालुका एस.टी.चा पास लागतो, प्रॅक्टिकलचे जर्नल लागते. मी म्हणालो, "आर्ट्स घे. पास तरी होशील." आणि माझ्या हाताने त्याच्या फॉर्मवर कलाशाखा लिहिली. तेच शब्द. वीस वर्षांपूर्वी जे माझ्या वर्गशिक्षकाच्या तोंडून ऐकले होते, जवळजवळ तेच. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आले नाही. आपण एका मुलाचे कल्याण केले अशा समाधानात मी घरी गेलो.

२०१० साली धाकट्या भावाला घेऊन मी जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो होतो. स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाने मला ओळखले, वाकून पाया पडला. तोच. कंत्राटी कामगार म्हणून लागला होता. वॉर्डात, आणि गरज पडली की शवविच्छेदनाच्या खोलीतही. डॉक्टर सांगतात, उघडायचे काम आम्हीच करतो, असे त्याने सहज सांगितले. मग म्हणाला, "सर, तुमच्यामुळं बारावी तरी झालो." त्याने हे उपकार मानून म्हटले. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा काही दिलेच नसेल.

आमच्यातले शिकलेले लोक ब्राह्मणी व्यवस्थेवर लिहितात तेव्हा शत्रू नेहमी पलीकडे उभा असतो. मीही तसे पुष्कळ लिहिले आहे. पण व्यवस्था माझ्या हस्ताक्षरातही उतरली होती, दयेच्या रूपाने. 'पास तरी होशील' या तीन शब्दांत तिचा सगळा व्यवहार आहे. आमच्या मुलाची अनिश्चितता आम्हांला धोका वाटते, म्हणून आम्ही तिचे लवकर निश्चितीत रूपांतर करून टाकतो. वरच्या घरातल्या मुलाची अनिश्चितता म्हणजे शक्यता. तिच्यासाठी ते खर्च करतात.

नंतरच्या दारांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांना माहीत आहेत. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली आणि वैद्यकाची एक वाट पैशाच्या गल्लीतून गेली. १९८६ पासून सरकारी कॉलेजांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या. त्या कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले ते २००७ साली, म्हणजे वीसेक वर्षांनी. मग आली नीट परीक्षा. २०१७ साली तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता, ओझी वाहणाऱ्या दलित मजुराची मुलगी, राज्य मंडळाच्या बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवूनही नीटमध्ये मागे पडली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने जीवन संपवले. तिने विषय बरोबर निवडले होते, त्यांत जवळजवळ पूर्ण गुण मिळवले होते. परीक्षा दुसऱ्याच अभ्यासक्रमाची निघाली. तिच्याबद्दल याहून अधिक लिहिण्याचा धीर मला होत नाही.

त्या मानाने एक छोटी बातमी आपल्या लोकांच्या नजरेतून निसटली. १९९७ च्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार अकरावी-बारावीत दोन वर्षे नियमित भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र शिकलेल्यालाच वैद्यकाचे दार होते. ज्याने सोळाव्या वर्षी जीवशास्त्र सोडले त्याचे दार बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केले की बारावी झाल्यावरही मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण केला तर नीटला बसता येईल. म्हणजे सोळाव्या वर्षीच्या निवडीची शिक्षा थोडी सौम्य झाली. कायद्याने हे दार किलकिले झाले हे चांगलेच आहे. पण बारावीनंतर घरी बसून आणखी एक विषय करायला ज्याच्या घरी ते वर्ष परवडते त्यालाच ते दार दिसेल. टेम्पोवाल्याच्या मुलीला बारावीनंतरचे वर्ष कोण देणार? म्हणून माझे मत बदललेले नाही. जे नंतर महाग पडते ते आधी घ्यावे.

बाप फोन संपवून आत आला तेव्हा मी त्या मुलीला हेच साध्या शब्दांत सांगितले. वैद्यकाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. गणित लागत नाही. पण तुझे ठरलेले नाही आणि तुला गणित आवडते, तेव्हा गणितही घे; चारही विषय घेतले तर अभियांत्रिकीची आणि विज्ञान पदवीची सगळी वाट मोकळी राहते. ओझे होईल. चार विषयांत अभ्यास फाटतो, गुण दोन-चार टक्क्यांनी घसरतात, हे खोटे नाही. गणिताचा तिटकारा असता तर मी आग्रह केला नसता. नुसत्या जीवशास्त्राच्या गटालाही नर्सिंग आहे, फार्मसी आहे, फिजिओथेरपी आहे, शेतकी आहे. डॉक्टर झाले नाही म्हणजे शिक्षण वाया गेले ही समजूत आपल्या वस्त्यांत कोचिंगवाल्यांनी पसरवली आहे. २०२४ साली नीटला तेवीस लाखांवर मुले बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. यात 'ठरलं नाही' म्हणणारी मुलगी मला जास्त शहाणी वाटते.

आणखी एक सांगितले. कॉलेजवाले म्हणतील, जीवशास्त्र सोड आणि द्विलक्षी अभ्यासक्रमाचे इलेक्ट्रॉनिक्स घे, त्यात दोनशेपैकी भरपूर गुण पडतात. कोणी म्हणेल, मराठी सोड आणि माहिती तंत्रज्ञान घे, त्यातही गुण पडतात. गुणांच्या लोभाने कोणता विषय जातो आहे ते आधी पाहा. मराठी सोडू नकोस असे मी म्हटले ते मात्र माझ्या स्वार्थाने. ही नियतकालिके पुढे वाचणार कोण?

बापाला हे फारसे पटले नाही. "सर, एकदा डॉक्टर म्हटलं की पोरगी नेटानं अभ्यास करंल, तुम्ही तिला ढिली करताय," असे तो म्हणाला. त्याचीही चूक नाही. ज्याच्या आज्याने गावकीची कामे केली, बापाने हमाली केली आणि जो स्वतः टेम्पो चालवतो, त्याला मुलीच्या 'कदाचित'वर भरवसा कसा बसावा? 'डॉक्टर' हा शब्द त्याला हातात धरता येतो. मी एवढेच म्हणालो की शब्द तुम्ही धरा, विषय तिला धरू द्या. तो हसला. मुलीने फॉर्ममध्ये चार विषय भरले. कॉलेजांच्या यादीत पहिले नाव तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे घातले, कारण तिथे एस.टी. जाते.

नाव घालण्याआधी प्रयोगशाळा पाहून यावे असे मी सुचवले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ती आणि मी गेलो. इमारत नवी होती, बाहेर नीटमध्ये चमकलेल्या मुलांचा फलक होता. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला कुलूप होते. काचेतून आत पाहिले तर दोन सूक्ष्मदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकून ठेवलेले दिसले. शिपाई म्हणाला, किल्ली सरांकडे असते, आणि जीवशास्त्राचे सर दुसऱ्या कॉलेजातही शिकवतात, ते गुरुवारी येतात.

मुलगी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, "गुरुवारी येऊ, आजोबा. सरांनाच विचारू, आठवड्यातून किती वेळा उघडतात ते."